आल्फ्रेडचं निशाण: लोकरी कापड आणि हातशिलाईच्या नोंदी

२३ ऑगस्ट २०२५

काम ठरलं. ३ डिसेंबर १७७५ ला फिलाडेल्फियात, ब्रिटनविरुद्ध उठलेल्या तेरा अमेरिकी वसाहतींच्या 'आल्फ्रेड' या जहाजावर जे निशाण चढलं, त्याची लहान प्रत करायची. कापड लोकरी, शिलाई पूर्ण हाताची. तेरा पट्टे, एक लाल एक पांढरा, आणि काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात ब्रिटिशांचं युनियन, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडच्या क्रूसांचं एकत्र चिन्ह. त्या काळी याला कॉन्टिनेन्टल कलर्स म्हणत. ग्रँड युनियन हे नाव पुष्कळ नंतरचं. तारे यात नाहीत. ते १४ जून १७७७ च्या ठरावानं आले. ४ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली तेव्हाही वसाहतींच्या आरमाराचं निशाण हेच होतं, राजाचं चिन्ह कोपऱ्यात तसंच ठेवलेलं.

आमच्या गावच्या ग्रंथालयाला या निशाणाच्या अडीचशे वर्षांच्या निमित्तानं दिवाणखान्यात लावायला एक निशाण हवं होतं. नायलॉनची तयार निशाणं पंचवीस-तीस डॉलरला मिळतात. मी म्हटलं, मी शिवून देते. नायलॉनवर छापलेल्या पट्ट्यांकडे पाहून, मूळ निशाण कोणी कसं जोडलं असेल, हे काहीच कळत नाही, आणि मला तेच दाखवायचं आहे.

आल्फ्रेडवरच्या निशाणाचं कापड उरलेलं नाही. उरला तो हिशेब. जेम्स व्हार्टन या फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीत मार्गारेट मॅनी नावाच्या बाईला ४९ यार्ड रुंद आणि साडेबावन्न यार्ड अरुंद बंटिंग दिल्याची नोंद आहे. बंटिंग म्हणजे निशाणांसाठी विणलेलं पातळ, विरळ लोकरी कापड. निशाण शिवणारी बाई म्हटलं की इथल्या शाळकरी पोरांना बेट्सी रॉस आठवते, अमेरिकेचं पहिलं तारांकित निशाण शिवल्याची गोष्ट जिच्या नावावर सांगतात ती. मॅनी कोणालाच ठाऊक नसते. ग्रंथालयात निशाणाखाली पाटी लागेल, तिच्यावर मॅनीचं नाव असेल ही माझी एकच अट आहे.

माप: प्रत्येक पट्टा शिवून झाल्यावर ४ इंच, म्हणजे उंची ५२ इंच. लांबी ७८ इंच. कोपऱ्यातला चौक सात पट्ट्यांइतका उंच, म्हणजे २८ इंच, आणि ३६ इंच लांब.

६ सप्टेंबर

कापड शोधण्यातच दोन आठवडे गेले. आधी वूल चालिस घेतलं, चाळीस डॉलरचं. दिसायला छान, पण ओढणीसारखं लोळतं. पट्टा सरळ टांगला तरी खाली झोळ येतो. ते बाजूला ठेवलं. सुटाचं ट्रॉपिकल वर्स्टेड, म्हणजे पिळदार धाग्याचं गुळगुळीत लोकरी कापड, हातात घेऊन पाहिलं, ते चालण्यासारखं होतं पण जड. शेवटी जुन्या लढायांचे प्रयोग करणाऱ्या मंडळींना कापड पुरवणाऱ्या एका दुकानातून पातळ, साध्या विणीचं वर्स्टेड मिळालं. उजेडाकडे धरलं तर आरपार दिसतं. २६ डॉलर यार्ड. लाल अडीच यार्ड, पांढरं अडीच, निळं एक.

पन्हा साठ इंची आहे. अठराव्या शतकातलं इंग्लिश बंटिंग साधारण अठरा इंच पन्ह्याचं असे, हे लक्षात ठेवा, कारण निशाणांची बरीचशी घडण त्या पन्ह्यातून आली आहे. वॉशिंग्टन शहरात स्मिथसोनियनच्या संग्रहालयात १८१३ चं स्टार-स्पँगल्ड बॅनर नावाचं अमेरिकी निशाण आहे, मेरी पिकर्सगिलनं बाल्टिमोरात शिवलेलं, मुळात ३० फूट बाय ४२ फूट. त्याचा एकेक पट्टा जवळजवळ दोन फुटी. पन्हा दीड फुटाचा, म्हणून प्रत्येक पट्टाच मुळात दोन तुकडे जोडून केलेला आहे. मागे ते पाहिलं तेव्हा अंधाऱ्या दालनात ती जोड शोधत मी बराच वेळ उभी होते.

रंगाबद्दल: लाल थोडा विटकरीकडे झुकणारा घेतला, निळा नीळ घातल्यासारखा गडद. १७७५ ला छटा कोणी ठरवून दिलेल्या नव्हत्या.

१४ सप्टेंबर

धुऊन पाहिलं. लोकर आटते, आणि शिवून झाल्यावर आटली तर पट्टे वाकडे होतील, म्हणून आधी भिजवणं भाग होतं.

आधी वीतभर लाल आणि वीतभर पांढरा तुकडा एकत्र शिवून कोमट पाण्यात टाकला. पांढऱ्यावर गुलाबी डाग पसरला. पुढचा तुकडा व्हिनेगरच्या पाण्यात ठेवला, कारण रंग पक्का करायला सगळे तेच सांगतात. काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो नुसत्या थंड पाण्याचा: लाल कापड एकटं, बादलीत, न घुसळता, पाणी बदलत बदलत, निवळ पाणी येईपर्यंत. पूर्ण शनिवार त्यात गेला. लोकर चोळायची नाही आणि पिळायची नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि आडवी पसरून वाळवायची. अडीच यार्डात दोन इंच आटलं.

निळ्यानं जवळजवळ रंग सोडला नाही.

२१ सप्टेंबर

मुख्य कापडाला कात्री लावण्याआधी हातभर मापाचे दोन नमुने केले, कारण एक प्रश्न डोक्यात होता.

ब्रिटिश व्यापारी जहाजांचं निशाण म्हणजे रेड एन्साइन: सगळं लाल, कोपऱ्यात युनियन. वसाहतींच्या प्रत्येक बंदरात ते होतं. त्याच्यावर सहा पांढरे पट्टे बसवले की कॉन्टिनेन्टल कलर्स तयार. आल्फ्रेड स्वतःसुद्धा आधी 'ब्लॅक प्रिन्स' नावाचं व्यापारी जहाज होतं, विलिंग, मॉरिस कंपनीचं. मग हे निशाण तेरा पट्टे जोडून करायचं की लाल कापडावर पांढरे पट्टे लावून?

पहिला नमुना: पट्ट्याला पट्टा जोडून. दुसरा: अखंड लाल कापड, वर पांढरे पट्टे, कडा आत दुमडून हातशिलाई (दुमडलेल्या कडेवरचा तिरपा टाका). दुसऱ्याला निम्मा वेळ लागला. पण खिडकीत धरला आणि फरक दिसला. पांढऱ्यामागून लाल झिरपतं, पट्टा गुलाबी दिसतो, आणि दुहेरी कापडानं निशाण जड होतं. मागचं लाल कापून काढलं तर पांढरं स्वच्छ दिसतं, पण मग मागच्या कडाही दुमडून शिवाव्या लागतात, म्हणजे वाचलेला वेळ परत जातो.

माझं मत असं झालं. घाईत एखाद्या जहाजाला रंग बदलायचे असतील तर एका संध्याकाळीत दुसऱ्या रीतीनं काम होईल, आणि कुठे ना कुठे तसं झालंही असेल. मॅनीनं मात्र तसं केलेलं दिसत नाही. तिला दिलेलं कापडच सांगतं. रुंद म्हणजे अठरा इंच आणि अरुंद म्हणजे नऊ असं धरलं, तर सगळं मिळून ३३८ चौरस फूट होतं. शिवणीतली घट सोडली आणि हे सगळं एकाच निशाणाला लागलं असं मानलं, तर पंधरा फूट उंच, बावीस फूट लांब निशाण होईल. इतकं कापड कोणी जुन्या निशाणावर पट्टे लावायला घेत नाही.

आणखी एक गोष्ट. १ डिसेंबर १७७४ पासून काँग्रेसच्या, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधी सभेच्या, ठरावानुसार ब्रिटिश माल आणणं बंद होतं, आणि चांगलं बंटिंग यायचं ते इंग्लंडहून. वर्षभरानंतर शंभर यार्ड कापड एका निशाणासाठी काढून देणं ही त्या दुकानदाराच्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हती.

प्रत पहिल्या रीतीनं करायची.

५ ऑक्टोबर

कापणी. खडूनं रेघ आखून पहिला पट्टा कापला आणि पाहिलं तर टोकाला तो उभ्या धाग्यापासून पाव इंच सरकला होता. विरळ कापडात हे लगेच कळतं आणि शिवताना पट्टा पिळतो. त्यानंतर सगळे पट्टे धागा ओढून कापले: कडेला पावणेपाच इंचांवर खूण, तिथला एक उभा धागा टाचणीनं उचलून हळूहळू ओढायचा, त्याची वाट कापडात रेषेसारखी दिसते, तिच्यावर कात्री चालवायची. वेळ लागतो, पण पट्टा सुतात येतो. लोकरीचा धागा मध्येच तुटतो. तुटला की जिथे तुटला तिथून शेजारचं टोक पकडून पुढे जायचं.

चार इंची पट्ट्याला पावणेपाच इंच का: चपटी शिवण घालायची आहे. एका कापडाची कड पाव इंच, दुसऱ्याची अर्धा; अर्ध्याची कड पावावर दुमडून घ्यायची आणि आडवी करून पुन्हा शिवायची. आतल्या कच्च्या कडा बंद होतात, निशाण दोन्ही बाजूंनी नीट दिसतं. साधी शिवण घालून कडा मोकळ्या ठेवल्या तर या कापडाचे धागे वाऱ्यानं महिन्याभरात निघतील.

दोरा जवसाच्या तंतूचा, म्हणजे लिननचा. मेण लावल्याशिवाय तो गुंततो आणि तंतू सुटतात. मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून दोनदा ओढायचा आणि बोटांमधून फिरवायचा. हातभरापेक्षा लांब दोरा घ्यायचा नाही. पहिली टीप धावदोऱ्याची, दर तीन-चार टाक्यांनंतर एक उलटा टाका. दुसरी हातशिलाई. एक फूट शिवण दोन्ही टिपांसकट पूर्ण व्हायला सुमारे चाळीस मिनिटं लागतात. सगळ्या पट्ट्यांच्या शिवणी आणि चौकाचा जोड मिळून ६२ फूट भरतात, म्हणजे सव्वाशे फूट टीप. तयारी करणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा.

१८ ऑक्टोबर

खालचे सहा लांब पट्टे जोडून झाले आणि मग टेबलावर पसरले. मोकळी बाजू काठीकडच्या बाजूपेक्षा वाकडी, सगळा तुकडा केळ्यासारखा एका अंगाला झुकलेला.

कारण सापडलं. हातानं शिवताना वरचं कापड अंगठ्याखाली कणाकणानं पुढे सरकतं. ७८ इंचांच्या शिवणीत ते अर्धा इंच सरकलं होतं, आणि मी प्रत्येक शिवण काठीच्या टोकापासून सुरू केली होती, त्यामुळे सगळ्या शिवणींची ओढ एकाच दिशेला साठत गेली. दोन शिवणी पूर्ण उसवल्या, दोन अर्ध्या. उसवताना पांढऱ्या पट्ट्याच्या कडेचे धागे सुटले, तो पट्टा नवीन कापावा लागला. आठवड्याचं काम गेलं.

आता रीत बदलली आहे. आधी दोन्ही पट्ट्यांचा मध्य जुळवून टाचणी, मग दोन्ही टोकं, मग पावाच्या खुणा. पूर्ण शिवणीला कच्चा धावदोरा. एक शिवण काठीकडून, पुढची मोकळ्या बाजूकडून. आणि शिवताना कापड मांडीवर घ्यायचं नाही; टेबलाला चिमट्यानं धरून ठेवायचं. नवीन जोडलेले पट्टे सरळ आले.

सोमवारी लक्ष्मीपूजन. फराळाच्या तेला-तुपात लोकर नको, म्हणून सगळं गुंडाळून कपाटात. भाऊबीज झाल्यावर पुन्हा.

२ नोव्हेंबर

वरचे सात आखूड पट्टे जोडले. काम सरळ झालं, लिहिण्यासारखं काही नाही.

फिलाडेल्फिया शहरात गेले होते तेव्हा आर्च स्ट्रीटवरच्या बेट्सी रॉसच्या घरी जाऊन आले. तिची गोष्ट तिच्या नातवानं, विल्यम कॅन्बीनं, १८७० ला पेन्सिल्व्हेनियाच्या इतिहास मंडळासमोर वाचली, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. पहिलं तारांकित निशाण तिनं शिवल्याचा समकालीन कागद नाही. पण ती निशाणं शिवत होती, याचा कागद आहे: २९ मे १७७७ ला पेन्सिल्व्हेनियाच्या आरमार मंडळानं एलिझाबेथ रॉसला जहाजांच्या निशाणांसाठी १४ पौंड १२ शिलिंग २ पेन्स दिले. मला ही पावती त्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. पोट भरायला निशाणं शिवणाऱ्या बायका या शहरात होत्या. मॅनी होती, रॉस होती, रिबेका यंग होती. रिबेकाचीच मुलगी पुढे मेरी पिकर्सगिल. त्यांच्या बोटांना काय सोसावं लागलं असेल हे मला आता थोडं कळतं, आणि तेही पंधरा फुटी निशाणाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढ्या उंचीचं निशाण करताना.

९ नोव्हेंबर

चौक. हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आणि इथे मी सर्वांत जास्त वेळ दिला.

आधी आकार. आपल्याकडे इंग्रजी राज्याच्या काळातली चित्रं पाहून डोळ्यांत बसलेला युनियन जॅक इथे चालत नाही. त्यातली तिरपी लाल फुली सेंट पॅट्रिकची, आणि ती १८०१ ला आयर्लंड जोडल्यावर आली. १७७५ च्या युनियनमध्ये दोनच क्रूस: स्कॉटलंडची पांढरी तिरपी फुली निळ्यावर, आणि तिच्यावर इंग्लंडचा सरळ लाल क्रूस पांढऱ्या काठासकट. विकत मिळणाऱ्या कित्येक 'क्रांतिकाळच्या' निशाणांत लाल फुली असते. ती घेऊ नका.

मी मापं घेतली ती अशी: लाल क्रूस ५ इंच, दोन्हीकडे दीड-दीड इंच पांढरा काठ, पांढरी फुली ४ इंच.

पहिला बेत तुकडे जोडण्याचा होता: आठ निळे त्रिकोण, त्यांच्यामध्ये पांढऱ्या पट्ट्या. त्रिकोण कापले, जोडले, इस्त्री केली. चौक मधून फुगला. टेबलावर दाबला की एका बाजूनं सपाट होई आणि दुसरीकडून उठे. लांबीही इंचभर वाढली होती. निळ्या त्रिकोणांची लांब बाजू उभ्या-आडव्या धाग्याला तिरपी, म्हणजे जवळजवळ उरेब. विरळ लोकर उरेब कापली की हात लागला तरी ताणते. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून ती मागे घ्यायचा प्रयत्न केला, थोडी बसली, पूर्ण नाही.

निळं यार्डभर कापड वाया. नवीन मागवलं, २६ डॉलर.

१६ नोव्हेंबर

सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत. त्यांनी आयुष्यभर परकर-पोलकी आणि गळ्याच्या उरेब पट्ट्या शिवल्या. फुगलेला चौक त्यांनी हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाल्या, "अगं, त्रिकोण आधी कापलेसच कशाला? कापड अख्खं ठेव, पट्टी वर बसव, मग मागून काप." मी म्हटलं, "आई, मागून कापलं तरी कड उरेबच राहणार ना?" त्या म्हणाल्या, "राहू दे की. तोवर ती पट्टीला बांधलेली असेल. पट्टी सरळ धाग्यात काप म्हणजे झालं."

तेच केलं, आणि तेच बरोबर ठरलं. पिकर्सगिलनं १८१३ ला ताऱ्यांसाठी वापरलेली रीत हीच: तारा एका बाजूनं शिवायचा आणि दुसऱ्या बाजूनं निळं कापून तारा उघडा करायचा. ते मी वाचलेलं होतं, पण फुलीला लावावं हे सुचलं नव्हतं.

क्रम लिहून ठेवते. निळं कापड ३० बाय ३८ इंच, अख्खं, टेबलाला चिकटपट्टीनं ताणून. त्यावर पांढरी फुली: साडेचार इंची पट्ट्या, उभ्या धाग्यात कापलेल्या, ४८ इंच लांब, कडा पाव इंच आत. एक अखंड, दुसरी दोन तुकड्यांत. कच्चा धावदोरा, मग हातशिलाई. उलटं करून पट्टीमागचं निळं पाव इंच सोडून कापायचं, ती कड दुमडून शिवायची. मग आठ इंची पांढरा क्रूस वर, आणि त्यामागचं सगळं, फुलीसकट, कापायचं. मग पाच इंची लाल, आणि त्यामागचं पांढरं कापायचं. शेवटी कुठेही शिवणीखेरीज दोन थर राहत नाहीत. खिडकीत धरला की निळा, पांढरा, लाल, तिन्ही आपापल्या रंगात.

कापताना आधी दोन बोटांनी दोन्ही थर वेगळे आहेत का पाहायचं. बोथट टोकाची कात्री वापरा. चौक सपाट आला. मापात फक्त सुताएवढा फरक.

क्रूसाच्या दोन बाजू आईंनी शिवल्या. टाका माझ्यापेक्षा बारीक आहे. ग्रंथालयातलं कोणी जवळून पाहिलं तर ओळखू येईल.

२३ नोव्हेंबर

चौक आखूड पट्ट्यांना जोडला, मग सगळं मिळून खालच्या लांब भागाला. चौकाच्या उभ्या जोडावर सात पट्ट्यांच्या शिवणी येऊन भिडतात, तिथे कापडाची जाडी वाढते. प्रत्येक शिवणीचं टोक थोडं उसवून आतली कड कमी केली, मग जोडलं.

हे काम करताना आई म्हणाल्या की असलं पट्ट्यांचं निशाण त्यांनी मुंबईच्या जुन्या जहाजांच्या चित्रात पाहिलंय. पाहिलंच असेल. ईस्ट इंडिया कंपनीचं निशाण असंच होतं: लाल-पांढरे आडवे पट्टे, कोपऱ्यात आधी सेंट जॉर्जचा क्रूस, आणि १७०७ ला इंग्लंड-स्कॉटलंड एक झाल्यावर युनियन. पट्ट्यांची संख्या चित्रागणिक बदलते. काहींत नऊ, काहींत तेरा. कंपनीला ते सेंट हेलेना बेटाच्या पूर्वेकडेच लावायची मुभा होती, म्हणजे आपल्याच समुद्रात. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारानं कोकणपट्टीवर जिची जहाजं अडवली, त्या कंपनीचं हे निशाण. १६६८ पासून मुंबई तिच्याच ताब्यात.

वसाहतींनी निशाण कंपनीवरून उचललं असं काही अभ्यासकांनी सुचवलं आहे. त्याला थेट पुरावा नाही, आणि हे शिवून झाल्यावर मला त्याची गरजही वाटत नाही. लाल एन्साइन प्रत्येक बंदरात होतं, पांढरं कापड होतं, आणि लाल-पांढरे पट्टे दुरून ओळखू येतात. समुद्रावर निशाण करणाऱ्या दोन वेगळ्या लोकांना एकच गोष्ट सुचायला एवढं पुरेसं आहे. पण साताऱ्याच्या बाईला फिलाडेल्फियाचं निशाण ओळखीचं वाटलं, ते उगाच नाही.

३० नोव्हेंबर

कडा आणि टांगणं. मोकळ्या बाजूची कड दोनदा दुमडून तीन टिपा. वारा आधी तिलाच खातो. ग्रंथालयात वारा नाही, तरी प्रत खरी असावी म्हणून केलं. काठीकडे जाड लिननचं दोन इंची नळीसारखं अस्तर, त्यात सणाची दोरी, वर आणि खाली फास. सुती कॅनव्हास आधी लावून पाहिला होता. तो कडक, त्यामुळे लोकर त्याच्याजवळ चुण्या धरते. लिनन मऊ आहे, चुण्या गेल्या.

सार्वजनिक इमारतीत टांगायच्या कापडाला आगीची अट असते, तिची विचारणा आली. लोकर सहज पेट घेत नाही, ज्योत काढली की विझते. उरलेल्या तुकड्यावर प्रयोग करून दाखवला, तेवढ्यावर काम भागलं. सुती किंवा पॉलिस्टर घेतलं असतं तर रसायनाचा फवारा मारावा लागला असता.

३ डिसेंबर

लागलं. अडीचशे वर्षांपूर्वी याच तारखेला आल्फ्रेडवर लेफ्टनंट जॉन पॉल जोन्सनं ते चढवलं. आपल्या हातांनी चढवल्याचं त्यानं पुढे लिहून ठेवलं आहे.

पाटीवर मॅनीचं नाव आहे, कापडाच्या यार्डांसकट. लोक थांबून विचारतात ते एकच: "बंड केलं तर कोपऱ्यात इंग्लंड कशाला?" याचं उत्तर पाटीवर मावलं नाही, म्हणून इथे. डिसेंबर १७७५ ला बहुतेकांची लढाई पार्लमेंटशी होती, राजाशी नाही. ब्रिटिश प्रजेचे हक्क हवे होते. गोंधळ तेव्हाही झालाच. १ जानेवारी १७७६ ला बॉस्टनबाहेर प्रॉस्पेक्ट हिलवर वॉशिंग्टनच्या सैन्यानं युनियनचं निशाण चढवलं, आणि बंडखोरांना दटावणारं राजाचं भाषण नुकतंच पोचलं होतं म्हणून बॉस्टनमधल्या इंग्रजांना वाटलं हे शरण आले. वॉशिंग्टननं ४ जानेवारीला आपला चिटणीस राहिलेल्या जोसेफ रीडला पत्रात हे कळवलं. त्या दिवशीचं निशाण पट्ट्यांचं होतं की नुसतं ब्रिटिश युनियन, यावर अभ्यासकांत वाद आहे. पत्रात त्यानं फक्त 'युनियन फ्लॅग' म्हटलंय.

दिवाणखान्याच्या दक्षिणेकडच्या खिडकीसमोर जागा दिली होती. ती बदलून घेतली. उन्हात लाल लोकर वर्षात उतरेल. आता उत्तरेकडच्या भिंतीवर आहे, मागे हातभर जागा सोडून, म्हणजे मागची बाजूही पाहता येते.

७ डिसेंबर

खर्च: कापड १५६ डॉलर, पुन्हा मागवलेलं निळं २६, दोरा-मेण-सुया ३४, लिनन २०, दोरी १४, टपाल १८. वाया गेलेलं चालिस ४० धरून ३०८. पट्ट्यांपुरतं पाहिलं तर लाल-पांढरं दीड-दीड यार्ड पुरलं असतं, पण उभ्या धाग्यात ७८ इंची अखंड पट्टा हवा असेल तर अडीच यार्डांची लांबी घ्यावीच लागते. जोड चालत असेल तर साठ इंची पन्ह्यात आडवे कापा. जुन्या निशाणांत जोड सर्रास आहेत, आणि खर्च बराच कमी होईल.

कोणाला हेच करायचं असेल तर चौक आधी शिवा, पट्टे नंतर. चौकाचं माप सूतभर इकडेतिकडे झालं तर पट्ट्यांची रुंदी त्याला जुळवता येते. उलट करता येत नाही.

उरलेल्या लाल-पांढऱ्यात दुसरं निशाण बसतं. जूनमध्ये ग्रंथालयाला १७७७ च्या ठरावाचं हवं आहे. पट्टे तेच राहिले, बदलला फक्त कोपरा: निळ्यावर तेरा पांढरे तारे. ठरावात ताऱ्यांची मांडणी नाही, टोकं किती तेही नाही. फिलाडेल्फियातल्या अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयात वॉशिंग्टनच्या मुख्यालयाचं निळं रेशमी निशाण आहे, त्यावर तारे सहा टोकांचे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सिस हॉपकिन्सन, त्यानं १७८० ला निशाणाच्या आराखड्याचा मोबदला म्हणून सरकारी दारूचं पाव पिंप मागितलं आणि त्याला ते मिळालं नाही. तारे सहा टोकांचेच करणार आहे, ओळींत ३-२-३-२-३, सुती कापडाचे, एका बाजूनं शिवून मागून उघडे केलेले. सहा टोकांच्या ताऱ्याला आतले सहा खाचे येतात आणि सुती कड तिथे उसवते, म्हणून जानेवारीत आधी एक तारा निळ्या चिंधीवर करून पाहायचा आहे.